जाणाऱ्याच्या हाती

देहू सोडल्यानंतर श्री तुकोबारायांच्या पालखीचा वाटेवरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. ज्येष्ठ वद्यातील त्या संध्याकाळी कारखान्यांच्या पाळ्या सुटतात, महामार्गाच्या कडेला माणसांची दाटी होते आणि औद्योगिक नगरीच्या धुरकट आकाशाखाली टाळमृदंगाचा गजर सुरू होतो. त्या गर्दीत एक दृश्य हमखास दिसते. पंढरीपर्यंत चालत जाण्याचे बळ ज्यांच्या पायांत उरलेले नाही अशी वृद्ध माणसे समोरच्या एखाद्या सर्वस्वी अनोळखी वारकऱ्याच्या हातावर एखादे नाणे किंवा नारळ ठेवतात आणि माझ्या नावाने एवढे देवाच्या पायाशी ठेवा, म्हणून विनवतात. वारकरी ते उपरण्याच्या गाठीत बांधतो आणि पुढे चालू लागतो. त्याची पावती नसते आणि पोहोचल्याचा निरोपही कधी येत नाही. तरीही देणाऱ्याच्या मनात शंका नसते. जाणाऱ्याच्या हाती आपले काही पाठवावे, ही आपल्या समाजाची फार जुनी रीत आहे.

हीच रीत आता विमानतळावर दिसते. आकुर्डी, निगडी, प्राधिकरण, चिंचवड या पट्ट्यातील मध्यमवर्गीय घरांत आज क्वचितच एखादे घर असे असेल की ज्याचा मुलगा, सून, भाचा किंवा जावई कोठल्यातरी परदेशात नाही. आईवडील सहा महिन्यांसाठी निघाले की शेजारच्या चार घरांतून पुडकी येतात. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, एखादी पैठणी, क्वचित गणपतीची मूर्ती. वजनकाट्यावर बॅग चढते, तेवीस किलोंची मर्यादा ओलांडलेली असते आणि मग भर रांगेत कोणाचा चिवडा मागे ठेवायचा, यावर कुटुंबात वाद होतो.

या सामानात आणखी एका गोष्टीला जागा करावी, असे आम्हांला सुचवायचे आहे. ती गोष्ट म्हणजे परदेशातील गरीब शाळकरी मुलांसाठी खेळाचे साहित्य.

ही कल्पना आमची नव्हे. ब्रिटनमध्ये ती चांगली रुजलेली आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या लॉर्ड्स टॅव्हर्नर्स या संस्थेने क्रिकेटप्रेमींकडून वापरलेल्या बॅटी, पॅड, हातमोजे गोळा करून ते निरनिराळ्या देशांतील मुलांपर्यंत पोहोचवले. रग्बीच्या चाहत्यांनी एसओएस किट एड या नावाने असेच काम उभे केले. २००५ मध्ये सुरू झालेल्या क्रिकेट विदाउट बाउंडरीज या संस्थेचे स्वयंसेवक तर आपल्या रजेचे दिवस खर्च करून केनिया, युगांडा, रवांडा अशा देशांत जातात, सोबत साहित्य नेतात आणि मुलांना खेळ शिकवता शिकवता एचआयव्हीविषयी सावध करतात. ज्या इंग्रजांनी आपल्याला क्रिकेट दिले त्यांच्याविषयी आपल्या मनात अनेक हिशेब शिल्लक आहेत आणि ते असावेतही. पण एका सामान्य चाहत्याने आपला आवडता खेळ दुसऱ्या देशातील एका मुलाच्या हाती ठेवावा म्हणून पदरमोड करावी, हा गुण घेण्यासारखा आहे. आज जगात क्रिकेटचा सर्वांत मोठा प्रेक्षक भारतीय आहे. इंग्लंडमध्ये २०१९ ची विश्वचषक स्पर्धा झाली, अमेरिका व वेस्ट इंडिजमध्ये २०२४ ची टी-ट्वेंटी स्पर्धा झाली; दोन्ही ठिकाणी निळ्या सदऱ्यांनी मैदाने भरून गेली. हा प्रेक्षक तिकिटावर, विमानावर, हॉटेलांवर खर्च करतो. ज्या देशात तो जातो त्या देशातील मुले कशाने खेळतात, याकडे त्याचे लक्ष जात नाही.

ती कशाने खेळतात याची थोडी कल्पना एका प्रसंगावरून यावी. मे २०२१ मध्ये झिम्बाब्वेचा खेळाडू रायन बर्ल याने आपल्या उसवलेल्या बुटांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. शेजारी डिंकाची नळी होती. प्रत्येक मालिकेनंतर बूट पुन्हा चिकटवत बसावे लागू नये म्हणून कोणी प्रायोजक मिळेल काय, अशी त्याची पृच्छा होती. एका मोठ्या कंपनीने दिवसभरातच त्याला मदत देऊ केली आणि विषय संपला. परंतु कसोटी खेळणाऱ्या देशाच्या राष्ट्रीय खेळाडूची जर ही कथा, तर त्याच देशातील एखाद्या खेड्यातील शाळेत काय असेल?

युगांडाची गोष्ट याहून उमेद देणारी आहे. ५ जून २०२४ रोजी गयानातील प्रॉव्हिडन्सच्या मैदानावर युगांडाने पापुआ न्यू गिनीचा पराभव केला. विश्वचषक स्पर्धेतील त्या देशाचा तो पहिलाच विजय होता. फ्रँक न्सुबुगा या त्रेचाळीस वर्षांच्या फिरकी गोलंदाजाने चार षटकांत अवघ्या चार धावा देऊन दोन गडी बाद केले. त्या संघाचे प्रशिक्षक होते आपल्याकडचे अभय शर्मा. संघात गुजरात-मुंबईकडून तेथे जाऊन स्थायिक झालेले खेळाडू होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून कंपालाच्या झोपडवस्तीत वाढलेले तरुण होते. ज्या युगांडातून १९७२ मध्ये इदी अमीनने भारतीय वंशाच्या हजारो कुटुंबांना नव्वद दिवसांत हाकलून लावले, त्याच युगांडाच्या ध्वजाखाली अर्ध्या शतकाने भारतात जन्मलेली मुले आणि तेथील भूमिपुत्र एकत्र जिंकतात, ही घटना आपल्या वृत्तपत्रांनी चार ओळींत उरकली. असो.

आफ्रिकेचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत, कारण आकुर्डीचा त्या खंडाशी असलेला संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोची बॉक्सर ही मोटारसायकल नायजेरिया, युगांडा, केनिया या देशांत भाड्याने प्रवासी वाहणाऱ्या तरुणांची रोजीरोटी आहे. युगांडा आणि केनियात तिला बोडा-बोडा म्हणतात. ज्या आकुर्डीने एके काळी साऱ्या देशाला स्कूटर दिली, जेथील वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले आणि २०२२ मध्ये विजेवरच्या चेतकच्या रूपाने पुन्हा सुरू झाले, त्या गावाचे नाव कंपालातील चालकाला बहुधा ठाऊक नसेल. पण या गावात आखलेल्या व्यवहारावर त्याची चूल पेटते. कामानिमित्त या देशांत जाणारे अभियंते, तंत्रज्ञ आणि विक्री अधिकारी याच पट्ट्यातून निघतात. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, तेथे गणेशोत्सव होतो. माणसे आहेत आणि येणेजाणेही आहे. साहित्य पोहोचवायला नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. बॅगेत दोन वीत जागा हवी.

येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही आपल्याच माणसांकडून येतील.

पहिला आक्षेप असा की आपल्या घरची मुले उघडी असताना परक्याला अंगरखा कशासाठी? पिंपरी-चिंचवडमध्ये नेहरूनगरला मेजर ध्यानचंदांच्या नावाचे हॉकीचे मैदान आहे. थेरगावला दिलीप वेंगसरकरांची क्रिकेट अकादमी आहे आणि जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड तिच्यातूनच पुढे आला. निगडीला हुतात्मा मदनलाल धिंग्रांचे नाव दिलेले मैदान आहे. पण मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेल्या कामगारांच्या वस्तीतील मुलगा या मैदानांच्या कुंपणाबाहेरच उभा असतो. तो फळकुटाने खेळतो. त्याला सोडून साता समुद्रापलीकडच्या मुलाची चिंता करणे म्हणजे घरच्या वासराला उपाशी ठेवून शेजारच्या गोठ्यात पेंड टाकणे नव्हे काय?

आक्षेप खोटा नाही. पण तो घेणाऱ्यांपैकी किती जणांनी आजवर या वस्तीत एक चेंडू नेऊन दिला आहे, असे विचारले तर बहुतेकांना मान खाली घालावी लागेल, आणि तो दोष आमच्याही माथी आहे. अनुभव असा आहे की जो कुटुंबप्रमुख नैरोबीच्या मुलांसाठी माळ्यावरची बॅट खाली काढतो, त्यालाच आपल्या सोसायटीच्या पहारेकऱ्याचा मुलगाही दिसू लागतो. जो कोणासाठीच माळ्यावर चढत नाही, तो मात्र प्राधान्यक्रमावर उत्तम बोलतो.

आपण स्वतः घेणारे होतो आणि अनेक ठिकाणी अजूनही आहोत, हेही विसरू नये. मुंबईतील मॅजिक बस ही संस्था १९९९ मध्ये सुरू केली ती मॅथ्यू स्पेसी या ब्रिटिश गृहस्थाने. नोकरीनिमित्त मुंबईत आलेला हा रग्बीपटू कूपरेजच्या मैदानावर सराव करताना कडेला उभ्या राहणाऱ्या रस्त्यावरच्या मुलांना खेळायला बोलावू लागला. प्रवासी म्हणून आलेला माणूस, हातात एक चेंडू आणि समोर परक्या देशातील मुले. सुरुवात एवढीच होती. नागपूरचे विजय बारसे तर आपलेच. हिस्लॉप महाविद्यालयातील या क्रीडाशिक्षकांना २००१ मध्ये पावसात काही मुले फुटक्या बादलीला लाथाडत फुटबॉलचा आनंद घेताना दिसली. त्यांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. त्यातून स्लम सॉकर उभे राहिले, त्या वस्त्यांतील मुले बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेसाठी परदेशी जाऊन आली, पुढे त्यावर चित्रपटही निघाला. बारसे सरांनी त्या मुलांना प्रथम दिला तो एक फुटबॉल आणि त्यानंतर कित्येक वर्षे स्वतःचा वेळ, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

कारण वस्तू देऊन मोकळे होण्याचा मोह फार मोठा असतो. प्रस्तुत लेखकाने तो स्वतः अनुभवला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून एका शाळेला क्रिकेटचे साहित्य दिले. छोटेखानी कार्यक्रम झाला, नारळ फुटला, भाषणे झाली. दोन वर्षांनी सहज त्या शाळेत जाणे झाले तेव्हा सारे साहित्य कार्यालयातील कपाटात जसेच्या तसे होते. मोडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने ते बाहेरच काढले गेले नव्हते. शाळेला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही दिलेल्या बॅटी पूर्ण मापाच्या होत्या आणि शाळा सातवीपर्यंतची होती. मुलांना त्या उचलताही येत नव्हत्या. किती मुले, कोणत्या वयाची, मैदान आहे की नाही, शिकवणार कोण, यांपैकी एकही प्रश्न आम्ही देण्यापूर्वी विचारला नव्हता. आम्हांला द्यायचे होते आणि आम्ही दिले.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची जी मीमांसा आहे ती या संदर्भात पुन्हा वाचावी. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची इच्छा न धरता दिलेले ते सात्त्विक. अवहेलनेने, अनादराने दिलेले ते तामस. आपण दान म्हटले की रक्कम विचारतो. गीता प्रथम स्थळ, वेळ आणि माणूस विचारते. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर पात्र म्हणजे मुलाची उंची. मुलांच्या बॅटी क्रमांकाने येतात. साधारण पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या मुलाला सहा क्रमांकाची पुरते, त्याहून लहानाला पाच, चार आणि खाली. मोठ्यांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमांचा, तर तेरा वर्षांखालील मुलांचा सुमारे १३५ ग्रॅमांचा. हा फरक वीस-पंचवीस ग्रॅमांचाच दिसतो, पण दहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना तो पुरेसा असतो. फुटबॉलचेही तसेच. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार क्रमांकाचा चेंडू लागतो, पाच क्रमांकाचा नव्हे. आणि जेथे खडीचे किंवा मातीचे मैदान आहे आणि पॅड, शिरस्त्राण काहीच नाही, तेथे चामड्याचा चेंडू पाठवणे हे औदार्य नसून बेफिकिरी आहे. तेथे टेनिसचा चेंडूच योग्य.

दानाने अपकारही होऊ शकतो, याचे उदाहरण पूर्व आफ्रिकेतच आहे. पाश्चात्त्य देशांत लोकांनी दान म्हणून टाकलेले जुने कपडे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी तेथे येतात आणि बाजारात विकले जातात. त्यांना मितुंबा म्हणतात. स्वस्त कपडे मिळाले हे खरे, पण तेथील कापडगिरण्या आणि शिंपी त्यामुळे टेकीला आले. २०१६ मध्ये त्या देशांनी ही आयात रोखण्याचा निर्धार केला. अमेरिकेने डोळे वटारताच बाकीचे मागे सरले. रवांडा ठाम राहिला, तेव्हा २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच्या तयार कपड्यांना दिलेली करमाफीची सवलतच स्थगित केली. आमचे जुने कपडे घ्या, नाहीतर तुमचा माल घेणार नाही, असा हा दानधर्म! स्वदेशीचा विचार घरात नांदवणाऱ्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. जो न्याय आपण आपल्या विणकराला लावतो तोच नैरोबीच्या कारागिरालाही लागू व्हायला हवा. नैरोबीत अलाइव्ह अँड किकिंग या संस्थेने २००४ पासून तेथल्याच चामड्याचे, खडबडीत जमिनीवर टिकणारे फुटबॉल तेथल्याच माणसांच्या हातून शिवून घेण्याचा उद्योग चालवला. जेथे असे काही आहे तेथे येथून चेंडू नेण्यापेक्षा तेथे जाऊन विकत घेऊन द्यावेत. मुलाला चेंडू मिळेल आणि त्याच्या बापाला काम. जे तेथे मिळत नाही किंवा परवडत नाही, तेवढेच येथून न्यावे. क्रिकेटची बॅट ही त्यांपैकी एक.

बॅटीवरून आपल्याही घराकडे पाहावे लागते. फाळणीपूर्वी खेळाच्या साहित्याची राजधानी होती सियालकोट. १९४७ मध्ये तेथील हिंदू कारागीर आणि कारखानदार सर्वस्व सोडून निघाले, जालंधर व मेरठ येथे निर्वासितांच्या छावण्यांतून पुन्हा उभे राहिले आणि आज भारतात बनणारे बहुतांश क्रीडासाहित्य याच दोन शहरांतून येते. हातातली विद्या लुटता येत नाही, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नाही. परंतु याच धंद्याला एक काळी बाजूही होती. चेंडू शिवणाऱ्या हातांत कोवळी मुले आहेत, हे १९९० च्या दशकात सियालकोटविषयी आणि पाठोपाठ जालंधरविषयीही उघड झाले. सियालकोटसाठी १९९७ मध्ये अटलांटा येथे करार झाला, पुढे जालंधरच्या उत्पादकांनीही देखरेखीची व्यवस्था उभारली. केनियातील मुलाला आपण जो चेंडू देणार तो आपल्याच एखाद्या मुलाने शाळा बुडवून शिवलेला नसावा, एवढी चौकशी दुकानात करायला हरकत नाही. दुकानदार वैतागेल. वैतागू द्यावा.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगायची आहे. प्रवाशाच्या हाती पाठवण्याची आपली रीत विश्वासावर चालते आणि हा विश्वास आज गुन्हेगारांनी हेरला आहे. २०१९ मध्ये मुंबईचे एक दांपत्य कतारच्या विमानतळावर पकडले गेले. त्यांच्या सामानातील पुडक्यात अमली पदार्थ निघाले. ते पुडके एका नातेवाइकाने विश्वासाने सोपवले होते. दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे निर्दोषत्व सिद्ध होऊन २०२१ मध्ये ते परतले, पण मधली दोन वर्षे तुरुंगात गेली. तेव्हा साहित्य पाठवणाऱ्याने बॅग उघडून दाखवावी आणि नेणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने रिकामी करून पुन्हा भरावी. हातमोज्यांत हात घालून पाहावा, पॅडची शिवण चाचपावी, चेंडूंतली हवा काढावी. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. वारकरीही नाणे गाठीत बांधताना ते पाहूनच बांधतो. बॅटी विमानाच्या खोलीत जवळ बाळगता येत नाहीत, त्या सामानातच द्याव्या लागतात. एकाच प्रकारच्या नव्याकोऱ्या वस्तू डझनावारी नेल्या तर सीमाशुल्क अधिकारी विक्रीचा माल समजणार. म्हणून ज्या शाळेसाठी नेतो तिचे पत्र जवळ असावे.

आणि छायाचित्रांविषयी. परदेशी पाहुणे आपल्या वस्त्यांत येत, उघड्यानागड्या मुलांच्या घोळक्यात उभे राहून हसऱ्या चेहऱ्याने छायाचित्रे काढून घेत, तेव्हा आपल्याला जे वाटत असे ते आठवावे. आपल्या हातातील बॅट आणि समोरचे आफ्रिकी पोर यांचे तसलेच चित्र सोसायटीच्या गटावर झळकवण्याची हौस ज्याला आवरणार नाही, त्याने बॅगेत मेतकूटच न्यावे.

दुसरा आक्षेप वेगळा आणि आम्हांला अधिक आवडणारा आहे. आपण भारतीयांनी जगाला द्यायचे ते क्रिकेट काय? ते तर दुसऱ्याचे. आपले खेळ द्या!

अवश्य द्यावेत. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. पारतंत्र्यातील देशाचे तरुण काही मागायला गेले नव्हते, दाखवायला गेले होते. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी अनेक देशांतील लोकांना मल्लखांब शिकवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा परदेशांतून आलेले खेळाडू त्या लाकडावर चढताना मुंबईकरांनी पाहिले. २०२४ मध्ये देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांबाचा सागवानी वा शिसवी खांब विमानाच्या सामानात मावत नाही हे उघड आहे, पण दोर मल्लखांबाचा दोर गुंडाळून बॅगेच्या तळाशी बसतो. तो नेणाऱ्याने एवढे मात्र ध्यानात ठेवावे की शिकवणाऱ्यावाचून तो दोर म्हणजे अपघाताला निमंत्रण आहे.

खो-खोला तर तेवढेही लागत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाला नियमांत बसवले, त्या खेळाला दोन खांब, चुन्याची रेषा आणि एक शिट्टी पुरते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या दोन मराठी कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून विजेतेपद मिळवले. त्या स्पर्धेत केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिका यांचेही संघ होते. कोणीतरी कधीतरी तेथे जाऊन एका रांगेत मुले बसवली असतील, एकाआड एक तोंडे फिरवली असतील आणि पाठीवर थाप मारून खो म्हणायला शिकवले असेल. या ओझ्याला विमान कंपनी एक पैसा आकारत नाही.

तरीही हा आक्षेप पळवाट होऊ नये. ज्या मुलाला बॅट हवी आहे त्याला बॅटच द्यावी. त्याच्या हाती खो-खोचे नियम ठेवून संस्कृतीप्रसाराचे समाधान मिळवणे म्हणजे तहानलेल्याला पाण्याऐवजी पंचांग वाचून दाखवण्यासारखे होईल. कोणता खेळ खेळावा, हे त्या मुलाने ठरवावे. क्रिकेट इंग्रजांनी आणले, पण ते आपण आपले केले ते कोणी आपल्याला त्याचा उपदेश केला म्हणून नव्हे. पारशांच्या आणि हिंदूंच्या जिमखान्यांबाहेर उभ्या असलेल्या पोरांना ते आवडले म्हणून.

आकुर्डीतल्या एखाद्या मंडळाला, ज्येष्ठ नागरिक संघाला किंवा सोसायटीला हे काम हाती घ्यायचे असेल, तर सुरुवात गोळा करण्यापासून करू नये. तसे केले की उन्हाळ्याच्या सुट्टीत तळघरात तुटक्या रॅकेटांचा, एका पायातल्या बुटांचा आणि वाळवी लागलेल्या स्टंपांचा ढीग जमतो आणि तो कोठे टाकायचा हाच प्रश्न होऊन बसतो. जे आपल्या नातवाला द्यायला संकोच वाटेल, ते कोणालाच देऊ नये. बॅटीची मूठ नवी बसवून घ्यावी, पॅडचे पट्टे बदलावेत, फुटबॉलसोबत पंप आणि दोन-चार जास्तीच्या सुया ठेवाव्यात. सुई हरवली की उत्तमातला उत्तम चेंडू आठवड्याभरात कपाटात जातो. वस्तीतल्या शाळेसाठी एक आणि परदेशातल्या शाळेसाठी एक, अशा दोन पिशव्या शेजारी शेजारी ठेवून भराव्यात. त्यामुळे पहिला आक्षेपही आपोआप निकालात निघेल.

पण या सगळ्याच्या आधी ज्यांचा मुलगा तेथे आहे त्यांनी त्याला एक पत्र लिहावे. जवळची एखादी शाळा त्याने स्वतः पाहून यावी आणि तेथील शिक्षकांना विचारावे. मुले किती, मुली किती, वये काय, मैदान मातीचे की गवताचे, शिकवणारे कोणी आहे का, आणि त्यांना मुळात काय हवे आहे. त्यात डावखुरी मुले किती, हेही विचारावे. डाव्या हाताने खेळणाऱ्याचे हातमोजे वेगळे असतात आणि गोळा केलेल्या ढिगात ते सहसा सापडत नाहीत. ते विकतच घ्यावे लागतील.